स्लोव्हेनियातल्या लहान गावाचा इतिहास घराघरांतून कसा जुळवावा

स्लोव्हेनियाची लोकसंख्या जेमतेम २१ लाख, वस्त्या मात्र सहा हजारांच्या वर. त्यातल्या बहुतेक गावांवर स्वतंत्र पुस्तक नाही, पण कागद भरपूर आहेत. इथे १९१८ पर्यंत राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजवटीला मोजायची, नोंदायची आणि त्यावर कर बसवायची भारी हौस. त्यामुळे पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीचीही अडीचशे वर्षांची बऱ्यापैकी सलग माहिती हाती लागू शकते. फक्त ती जर्मन, लॅटिन, स्लोव्हेनियन आणि प्रदेशानुसार इटालियन किंवा हंगेरियन कागदांत, पाच-सहा कचेऱ्यांत विखुरलेली असते. हे सगळं बांधायला एक खुंटी लागते. स्लोव्हेनियन गावात ती खुंटी म्हणजे घर.

आडनावाचा माग काढत गेलात तर तिसऱ्या पिढीत हमखास चुकाल. इथे घराला स्वतःचं नाव असतं, त्याला 'हिश्नो इमे' म्हणतात. 'प्रि कोवाचु' म्हणजे लोहाराकडे. समजा, त्या घरातल्या एकुलत्या मुलीने नोवाक आडनावाच्या मुलाशी लग्न केलं आणि तो घरजावई म्हणून राहायला आला. कागदावर घर नोवाकांचं झालं, गावासाठी ते कोवाचचंच राहिलं. पुढे नातवाच्या काळी घर विकलं गेलं, नवा मालक तिसऱ्याच आडनावाचा आला, तरी शेजारी त्याला कोवाचच म्हणणार. लोहारकाम बंद होऊन दीडशे वर्षं झाली असली तरी. नाव माणसाला घराकडून मिळतं, आणि म्हणूनच घराच्या नावाने शोधलं की धागा तुटत नाही.

आधी नावं आणि हद्दी पक्क्या करा

कोणतीही वही उघडण्याआधी गाव नेमकं कोणतं ते ठरवा. ब्रेझ्ये, सेलो, लाझे, राव्ने, ग्रादिश्चे ही नावं देशभर पुन्हा पुन्हा येतात. ती मुळात जमिनीची वर्णनं आहेत: ब्रेझ्ये म्हणजे बर्चच्या झाडांची राई, लाझे म्हणजे जंगल तोडून काढलेली मोकळी जागा, राव्ने म्हणजे सपाटी, लोका म्हणजे ओलसर कुरण. ग्रादिश्चे नाव दिसलं तर कान टवकारा, कारण ते बहुधा जुन्या तटबंदीच्या जागेला मिळतं आणि तिथे पुरातत्त्वाचे अवशेष असण्याची शक्यता खरी असते.

मग प्रत्येक राजवटीतलं नाव लिहून काढा. क्रान्स्का, श्तायेर्स्का आणि कोरोश्का या प्रांतांत जुन्या कागदांत जर्मन नावं येतात: ल्युब्ल्यानाचं लायबाख, ब्लेडचं फेल्डेस, कोचेव्येचं गोट्शे. पश्चिमेकडच्या प्रिमोर्स्का प्रांतात दोन महायुद्धांमधल्या काळात इटालियन नावं आली, तोल्मिनचं तोल्मिनो आणि कोबारिदचं कापोरेत्तो झालं. ईशान्येचा प्रेक्मुर्ये हा भाग १९१९ पर्यंत हंगेरीच्या बाजूला होता, त्यामुळे मुर्स्का सोबोता शोधताना मुरासोंबात शोधावं लागतं. शेवटचा खड्डा १९४८ नंतरचा. वस्त्यांच्या नावांच्या कायद्याने 'स्वेती' म्हणजे संत असलेली बरीच नावं बदलली. स्वेती युरी ओब श्चाव्नित्सी हे गाव विदेम ओब श्चाव्नित्सी झालं, स्वेता त्रोयित्सा हे ग्रादिश्चे झालं. १९९० नंतर काहींनी जुनं नाव परत घेतलं, काहींनी नाही. नावांची ही यादी न करता ऑनलाइन शोध घेतला तर चाळीस वर्षांचे कागद नजरेआड राहतात आणि ते राहिले हे कळतही नाही.

हद्दीचा घोळ याहून मोठा. एकच घर एकाच वेळी चार चौकटींत असतं: वस्ती, जमीनमोजणीचा विभाग म्हणजे 'कतास्तर्स्का ओब्चिना', चर्चचा विभाग म्हणजे 'झुप्निया', आणि आजची नगरपालिका म्हणजे 'ओब्चिना', ज्या देशात २१२ आहेत. या चारींच्या रेषा क्वचितच जुळतात. जमिनीचे कागद कतास्तर्स्का ओब्चिनाच्या नावाखाली लावलेले असतात आणि तिचं नाव शेजारच्या मोठ्या गावाचं असू शकतं. जन्म-मृत्यूच्या वह्या झुप्नियाच्या नावाखाली. लहान गावात चर्च असलं तरी ते बहुधा उपचर्च असतं, 'पोद्रुझ्नित्सा', आणि त्याच्या स्वतःच्या वह्या नसतात. वहीच्या पहिल्या पानावर चारही नावं लिहा. झुप्नियाची विभागणी कधी झाली तेही लिहा, नाहीतर अठराव्या शतकातली माणसं शेजारच्या झुप्नियाच्या वहीत अडकून राहतील आणि तुम्ही वही गहाळ झाली असं समजाल.

नकाशा: सर्वांत घट्ट पाया

कामाची सुरुवात सर्वांत जुन्या कागदापासून करायचा मोह आवरा. १८२० च्या दशकातून सुरुवात करा आणि तिथून मागे-पुढे जा.

सम्राट फ्रान्झ पहिला याने २३ डिसेंबर १८१७ ला जमीनमोजणीचा हुकूम काढला. त्यातून तयार झालेल्या मोजणीला त्याच्याच नावाने 'फ्रान्सिस्चेय्स्की कतास्तर' म्हणतात. प्रमाण १:२८८०. हा विचित्र आकडा व्हिएन्नाच्या मापांतून येतो: कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे ४० क्लाफ्टर, आणि एका क्लाफ्टरमध्ये ७२ इंच. एक क्लाफ्टर १.८९६ मीटर. जमिनीचं माप योख, म्हणजे १६०० चौरस क्लाफ्टर, आजचे सुमारे ५७५५ चौरस मीटर. हे आकडे वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा, सतत लागतात.

क्रान्स्काचे नकाशे ल्युब्ल्यानाच्या स्लोव्हेनिया प्रजासत्ताक अभिलेखागारात एएस १७६ या संग्रहात आहेत आणि डिजिटल स्वरूपातही पाहता येतात. प्रेक्मुर्येसाठी वाट वेगळी: तिथे हंगेरियन पद्धतीची मोजणी झाली, तीही बरीच उशिरा.

नकाशात दगडी इमारत लाल आणि लाकडी इमारत पिवळी रंगवलेली असते. एवढ्या एका खुणेवर गावाचं दोनशे वर्षांपूर्वीचं रूप उभं राहतं. कित्येक गावांत चर्च आणि पाद्र्याचं घर लाल, बाकी सगळं पिवळं दिसेल. खाली दगडी तळघर आणि वर लाकडी मजला अशा घराला मोजणीदाराने कोणता रंग दिला हे त्याच्या मर्जीवर असे, तेव्हा एकट्या रंगावर निकाल देऊ नका.

नकाशापेक्षा मोलाची असते ती सोबतची नोंदवही. तिच्यात इमारतींच्या भूखंडांची यादी, जमिनींच्या भूखंडांची यादी आणि मालकांची वर्णानुक्रमाने यादी असते. मालकाच्या नावापुढे घरक्रमांक असतो. कामाचा क्रम असा ठेवा: नकाशाची प्रत मोठी छापून घ्या, प्रत्येक इमारतीचा भूखंड क्रमांक यादीत शोधा, तिथून मालक आणि घरक्रमांक घ्या, आणि तो नकाशावर पेन्सिलीने लिहा. मग आजचा उपग्रह-नकाशा शेजारी ठेवून प्रत्येक घराचा आजचा क्रमांक जोडा. रस्त्याचं वळण, ओढा आणि चर्च हे तीन बिंदू जुळले की बाकी गाव आपोआप जागेवर बसतं. तीस घरांच्या गावाला यात दोन-तीन दिवस जातात. घाई करू नका, पुढचं सगळं यावर उभं राहणार आहे.

याच्याही आधीचा नकाशा हवा असेल तर सम्राट योसेफ दुसरा याच्या काळातली लष्करी मोजणी आहे, प्रमाण १:२८,८००. तिच्यात भूखंड नाहीत, पण सोबतच्या वर्णनात रस्ता गाडीला चालतो का, ओढा केव्हा भरतो, कोणती इमारत भक्कम आहे हे लष्करी नजरेने टिपलेलं असतं. सतराव्या शतकातला अभ्यासक वाल्वासोर याचा १६८९ चा क्रान्स्कावरचा मोठा ग्रंथही पाहावा. त्यात गढ्या, मठ आणि बाजारपेठा यांची तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली शेकडो चित्रं आहेत. तुमच्या वाडीचं चित्र त्यात नसेल, पण ती ज्या गढीच्या अमलाखाली होती तिचं असू शकतं.

चर्चच्या वह्या कशा वाचायच्या

बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्यांचा मोठा भाग मात्रिकुला या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. १७८४ च्या हुकुमानंतर वह्या रकान्यांच्या झाल्या आणि घरक्रमांकाला स्वतंत्र रकाना मिळाला. त्याआधीच्या नोंदी सलग लॅटिन ओळींत असतात, त्यांत गावाचं नाव मिळतं पण घर मिळेलच असं नाही. १९४६ पासून नोंदणी सरकारी झाली. अलीकडच्या वह्यांसाठी 'उप्राव्ना एनोता' म्हणजे प्रशासकीय कार्यालयात जावं लागतं आणि तिथे हयात लोकांची माहिती कोणालाही दाखवत नाहीत. प्रेक्मुर्येत मात्र हंगेरियन कायद्यामुळे सरकारी नोंदणी १८९५ पासूनच आहे.

सगळ्यांत सरस साधन म्हणजे 'स्तातुस आनिमारुम', पाद्र्याने ठेवलेली घरवार कुटुंबयादी. एका घराला एक पान. त्यावर घरातली सगळी माणसं, त्यांचे जन्म, लग्न, कोण कुठे गेलं, आणि बऱ्याचदा घराचं नावही. जर्मन आणि लॅटिन नोंदींत घराच्या नावाआधी 'वुल्गो' हा शब्द येतो, म्हणजे 'लोक ज्याला म्हणतात तो'. स्लोव्हेनियनमध्ये तेच 'पो दोमाचे'. हे दोन शब्द डोळ्यांत बसवून घ्या, पान चाळताना तेच शोधायचे.

वाचताना अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत.

नावं पाद्र्याने लॅटिन किंवा जर्मन करून लिहिलेली असतात. बार्थोलोमेउस म्हणजे घरातला येर्नेय, गेओर्गिउस म्हणजे युरी, प्रिमुस म्हणजे प्रिमोझ, लाउरेन्तिउस म्हणजे लोव्रेंत्स. बायकांत आग्नेस म्हणजे नेझा आणि गेर्त्रुदिस म्हणजे येरा. माथेउस आणि माथियास हे दोन वेगळे: पहिला मातेव्झ किंवा मातेय, दुसरा मातिया. या दोघांची गल्लत करून दोन भावांचा एक माणूस केलेल्या वंशावळी ढीगभर सापडतात.

महिने आकड्यांत असतात आणि तिथे सगळेच एकदा तरी आपटतात. सात या आकड्यापुढे 'बेर' किंवा 'ब्रिस' लिहिलं असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, रोमन दहा म्हणजे डिसेंबर. लॅटिन संख्यांवरून आलेली ही जुनी पद्धत आहे.

लिपी दोन प्रकारे छळते. जर्मन मजकूर कुरेंट नावाच्या टोकदार हस्ताक्षरात असतो. ते शिकायला महिनाभर रोज अर्धा तास द्यावा लागतो, त्याला आडवाट नाही. दुसरी गोष्ट स्लोव्हेनियन वर्णांची. १८४० च्या दशकात आजची लिपी रूढ होण्याआधी 'बोहोरिचित्सा' चाले. तिच्यात लांब एस म्हणजे स आणि आखूड एस म्हणजे झ. लांब एसपुढे एच आला तर श, आखूड एसपुढे आला तर त्याचा घोष जोडीदार, जो 'झुप्निया' या शब्दाच्या सुरुवातीला ऐकू येतो. झेडचा उच्चार त्स, आणि झेडपुढे एच आला की च. म्हणजे जुन्या वहीत झेडने सुरू होणारं आडनाव आजच्या यादीत सीखाली शोधायचं. भरीला भर, जर्मन वळणाचा लेखनिक च साठी चार अक्षरं खर्ची घालतो. त्यामुळे एकाच घराचं आडनाव पन्नास वर्षांत चार प्रकारे लिहिलेलं दिसलं तर चार कुटुंबं मोजू नका. आधी घरक्रमांक पाहा.

पण घरक्रमांकही आंधळेपणाने घेऊ नका. हाब्सबर्ग राज्यात घरांना क्रमांक १७७० पासून, सैन्यभरतीच्या गणनेसाठी दिले गेले. ते रांगेने दिले होते. नंतर बांधलेल्या घराला मात्र पुढचा मोकळा आकडा मिळे, म्हणून ७ आणि ८ च्या मध्ये ३१ दिसतो. कधीतरी सगळं गाव नव्याने क्रमांकित झालेलं असतं. ते वर्ष ओळखायची युक्ती सोपी आहे: मुलं होत असलेली तीन-चार कुटुंबं निवडा आणि त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यांचे घरक्रमांक वर्षवार लिहा. सगळ्यांचे आकडे एकाच वर्षाच्या आसपास बदलले तर क्रमांक बदलले, एकाच कुटुंबाचा बदलला तर ते कुटुंब हललं.

करारपत्रं: घराच्या आतलं दृश्य

नकाशा आणि वह्या मिळून सांगाडा तयार होतो. त्यावर मांस चढवतात ते शेत पुढच्या पिढीला देण्याचे करार. बाप शेत मुलाच्या नावे करतो तेव्हा म्हातारपणाची तजवीज कागदावर लिहून घेतो, तिला 'प्रेउझितेक' म्हणतात. त्यात कोणती खोली, वर्षाला किती धान्य, किती दूध, किती सरपण, कोणत्या झाडांची फळं, आणि चुलीवर कोणता वाटा हे सगळं मोजून येतं. भावंडांना द्यायची रक्कम आणि बहिणीच्या लग्नाचा पेटाराही. मुलावर बापाचा विश्वास नव्हता असा याचा अर्थ काढू नये. सगळेच असं लिहीत. मात्र एखाद्या करारात दुधाचं माप फारच बारकाईने लिहिलेलं दिसलं तर आधी कुठेतरी भांडण झालं असावं, असा अंदाज बांधायला हरकत नाही. अंदाज आहे असं लिहूनच.

मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्याही अशाच बोलक्या असतात. हे कागद जिल्हा न्यायालयांच्या आणि जमीनदारीच्या संग्रहांत, प्रादेशिक अभिलेखागारांत मिळतात: ल्युब्ल्याना, त्सेल्ये, मारिबोर, प्तुय, कोपेर आणि नोवा गोरित्सा इथे. रकमा वाचताना चलन तपासा. १८५७ च्या चलनसुधारणेपर्यंत एका गोल्डिनारचे ६० क्रायत्सार, त्यानंतर १००. १८९२ पासून क्रोन आले, एका गोल्डिनारला दोन. हे विसरून दोन करारांची तुलना केली तर घर रातोरात दुप्पट श्रीमंत झालेलं दिसतं.

१८४८ मध्ये वेठबिगारी संपेपर्यंत शेतकरी जमीनदाराचा कुळ होता. कुळांच्या आणि त्यांच्या देण्यांच्या याद्यांना 'उर्बार' म्हणतात. श्कोफ्या लोकाचा मुलूख सम्राट ओट्टो दुसरा याने ९७३ मध्ये फ्रायझिंगच्या बिशपला दिला आणि १८०३ पर्यंत तो त्याच धर्मपीठाकडे राहिला. त्यामुळे त्या भागाचे उर्बार ११६०, १२९१ आणि १३१८ इतके जुने मिळतात. सगळ्या गावांचं नशीब एवढं थोर नसतं. उर्बारमधली 'हुबा' ही पूर्ण शेताची एकक, पण तिचं क्षेत्रफळ ठरलेलं नाही. ते जमिनीच्या प्रतीनुसार बदलतं, म्हणून हुबाचे हेक्टर करायच्या फंदात पडू नका. कोणाकडे पूर्ण, कोणाकडे अर्धी, आणि कोण नुसता 'काय्झार', म्हणजे झोपडी आणि परसापुरता मालक, एवढी उतरंड मांडली तरी गाव कळतं.

इथेच एक इशारा. कागदातला पहिला उल्लेख म्हणजे गावाचा जन्म नव्हे. १२९१ च्या यादीत गाव आहे याचा अर्थ तेव्हा तिथे कर देणारी शेतं होती, एवढाच. गावोगावी जयंत्या साजऱ्या होतात त्या उल्लेखाच्या, वसण्याच्या नव्हेत. लिहिताना 'पहिला उल्लेख' हेच शब्द वापरा.

गावात गेल्यावर

पानगळीनंतर जा, किंवा झाडांना पालवी फुटण्याआधी. तेव्हा इमारती दिसतात आणि लोकांना वेळ असतो. जून-जुलैत गवतकापणीच्या दिवशी कोणाच्या दारात मुलाखत मागणं म्हणजे दार बंद करून घेणं. म्हाताऱ्या माणसांशी आदरार्थी 'वी' वापरून बोला, एकेरी 'ती' त्यांनी सुचवल्याशिवाय नाही. पहिला प्रश्न आडनावाचा नको. 'काको से प्रि वास रेचे?', म्हणजे तुमच्या घराला काय म्हणतात, असं विचारा. वायव्येकडच्या गोरेन्स्का प्रदेशात घरनावं गोळा करायच्या प्रकल्पाचं नावही हेच होतं आणि तिथल्या कितीतरी घरांवर आता घरनावाच्या मातीच्या पाट्या दिसतात. नाव बोलीत जसं ऐकू आलं तसं ध्वनिमुद्रित करा आणि शुद्ध रूप वेगळ्या रकान्यात लिहा. बोली रूपात बऱ्याचदा मूळ शब्द जपलेला असतो.

शेतांची नावंही विचारा, 'लेदिन्स्का इमेना'. जुन्या नकाशाची मोठी प्रत टेबलावर पसरली की लोक आपोआप बोटं ठेवू लागतात, प्रश्नावलीपेक्षा हे दसपट चांगलं चालतं. सोरित्सासारख्या गावात, जिथे मध्ययुगात तिरोलमधल्या इनिखेन परिसरातून माणसं आणून वसवली होती, शेतांच्या नावांत जर्मन मुळं निघतात. ती लाजून गाळू नका.

मग घर पाहा. जुनं मध्य-स्लोव्हेनियन शेतघर तीन भागांचं असतं: मधोमध 'वेझा' म्हणजे प्रवेशाची खोली, एका बाजूला 'हिशा', दुसऱ्या बाजूला 'काम्रा'. हिशा म्हणजे घर, पण इथे तो शब्द एका खोलीसाठी आहे. जिथे भाकऱ्यांची मोठी भट्टी, 'क्रुश्ना पेच', आणि कोपऱ्यात देवाची जागा, 'बोहकोव कोत', असते ती खोली. म्हातारी 'हिशेत बसा' म्हणाली तर ती अंगणातून आत बोलावत असेलच असं नाही. भट्टीचं तोंड हिशेत नसून वेझाच्या बाजूला असतं, आणि तिथेच 'च्र्ना कुहिन्या', काळं स्वयंपाकघर. धुरांडं नसल्याने धूर कमानीखाली फिरून दाराने किंवा माळ्यातून जाई, मांस त्याच धुरात लटकत असे. आज तिथे कोठार असलं तरी कमानीवर चकचकीत काजळीचा थर शोधा. चुना मारला असेल तर कोपऱ्यात तो पिवळसर डागांनी फुटून वर येतो.

क्रास पठारावर हे सगळं बदलतं. लाकूड कमी, दगड आणि वारा जास्त. श्तान्येलसारख्या गावात दगडी भिंती, छपरावर 'स्कर्ले' नावाच्या दगडी फरश्या, भोवती भिंत घातलेलं अंगण 'बोर्याच', लाकडी सज्जा 'गांक', आणि पाण्यासाठी छपराचं पाणी साठवणारी 'श्तिर्ना'. प्रेक्मुर्येत पुन्हा वेगळं, ओंडक्यांच्या भिंतींना मातीचा लेप. एका प्रदेशाचे शब्द दुसऱ्या प्रदेशाच्या घराला चिकटवणं ही शहरी लेखकांची आवडती चूक.

दाराच्या दगडी चौकटीवर वर्ष आणि आद्याक्षरं कोरलेली असतात. गोरेन्स्कात ही चौकट बहुधा पेराचित्साच्या हिरवट टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या, दगडाची. ते वर्ष चौकटीचं आहे, घराचं असेलच असं नाही. चौकटी हलवल्या जात, जळलेल्या घरातून उचलून नव्या घराला बसवल्या जात. तीन गोष्टी ताडून पाहा: नकाशावरचा रंग, हिशेच्या मुख्य तुळईवरचं वर्ष, आणि त्या वर्षी त्या घरात राहणाऱ्याची आद्याक्षरं. चौकटीवर १७८० आणि १८२० च्या दशकातल्या नकाशात घर पिवळं असेल तर चौकट दुसरीकडून आली, किंवा तेव्हा तळमजलाच दगडी होता. आद्याक्षरं जुळली तर दुसरी शक्यता बळावते.

कोझोलेत्स न नोंदता परतू नका. गवत आणि धान्य वाळवायची ही लाकडी चौकट, तिच्या रांगा बोहिनमधल्या स्तुदोर गावाबाहेर पाहण्यासारख्या आहेत. शेंत्रुपेर्तला २०१३ पासून त्यांचं खुलं संग्रहालयही आहे. दोन खांबांमधल्या जागेला 'ओक्नो', म्हणजे खिडकी, म्हणतात आणि कोझोलेत्सचा आकार खिडक्यांतच सांगतात. आडव्या दांड्या त्या 'लाते'. एकेरी रांग असेल तर साधा कोझोलेत्स, दोन समांतर रांगा एका छपराखाली आणि वर गवताचा माळा असेल तर 'तोप्लार'. नोंदताना खिडक्या, लाते, छपराचं आवरण आणि खांबाचा पाया लिहा. खांब थेट मातीत आहे की दगडावर, हे महत्त्वाचं. मातीतला खांब तळाशी कुजतो, मग तो कापून दगडी किंवा काँक्रीटचा तुकडा खाली देतात, आणि त्यावरून दुरुस्तीचा काळ कळतो. माळ्याच्या तुळईवर सुताराची खूण आणि वर्ष शोधायला शिडी लागते, ती मालकाकडूनच मागा.

मधमाश्यांच्या पेट्या दिसल्या तर त्यांच्या पुढच्या फळ्या पाहा. त्या रंगवायची रीत अठराव्या शतकापासूनची. पण आज टपऱ्यांवर दिसणाऱ्या बहुतेक फळ्या पर्यटकांसाठी केलेल्या प्रती असतात. खऱ्या जुन्या पाहायच्या तर रादोव्लित्साच्या मधमाशीपालन संग्रहालयात.

चर्चबद्दल थोडक्यात: घंटांवरची वर्षं चर्चचं वय सांगत नाहीत, पहिल्या महायुद्धात बहुतेक घंटा तोफांसाठी नेल्या गेल्या. भिंतीचा गिलावाही खरवडू नका. ह्रास्तोव्ल्येच्या चर्चमधली १४९० ची भित्तिचित्रं, त्यातलं मृत्यूचं नृत्य, १९४९ पर्यंत चुन्याच्या थरांखाली लपलेली होती. चुन्यानेच ती राखली. कबरस्तानात लवकर जा. कबरीची जागा भाड्याची असते, भाडं थांबलं की दगड हटतो. जुन्या दगडांवर आडनावाखाली घरनाव कोरलेलं असलं तर आधी फोटो.

दुसरं महायुद्ध

इथे सर्वांत जास्त काळजी लागते. देश जर्मनी, इटली आणि हंगेरीत वाटला गेला होता, त्यामुळे आधी गाव कोणाच्या ताब्यात होतं ते लिहा. कोचेव्ये भागात आणखी एक पान आहे: चौदाव्या शतकापासून राहणारे जर्मन भाषिक १९४१–४२ च्या हिवाळ्यात हलवले गेले आणि त्यांची निम्म्याहून अधिक गावं पुढे उजाड झाली. तिथे घरांऐवजी फळबागांची रानटी झाडं आणि पायऱ्या शोधायच्या.

गावातलं युद्धस्मारक बहुधा पार्टिझानांची, म्हणजे कम्युनिस्ट नेतृत्वाखाली कब्जेदारांशी लढलेल्यांची, नावं सांगतं. विरुद्ध बाजूने लढलेल्यांची आणि युद्धानंतर मारल्या गेलेल्यांची नावं १९९० नंतर चर्चजवळ बसवलेल्या पाट्यांवर असतात. दोन्ही ठिकाणं पाहा आणि समकालीन इतिहास संस्थेच्या युद्धबळींच्या यादीशी ताडून घ्या. गावाच्या पुस्तकात सगळी नावं एकाच यादीत, घरनावासह, मृत्यूची तारीख आणि जागा देऊन लावणं हा सर्वांत कमी जखमा उघडणारा मार्ग. कोणी कोणाचं नाव सांगितलं होतं, ही ऐकीव माहिती ध्वनिमुद्रणात राहू द्या, छापू नका.

कायदा

इमारत संरक्षित आहे का हे संस्कृती मंत्रालयाच्या स्थावर वारशाच्या नोंदवहीत पाहता येतं, तिथे प्रत्येक वास्तूला 'ए-शे-डे' क्रमांक असतो. नोंद असलेल्या घराच्या खिडक्या किंवा छप्पर बदलायच्या आधी वारसा संरक्षण संस्थेच्या प्रादेशिक शाखेकडून अटी आणि संमती घ्यावी लागते. शाखा सात आहेत: त्सेल्ये, क्रान, ल्युब्ल्याना, मारिबोर, नोवा गोरित्सा, नोवो मेस्तो आणि पिरान. ग्रादिश्चेच्या टेकडीवर धातुशोधक यंत्र घेऊन जाणं परवानगीशिवाय बेकायदा आहे. शेतात काही सापडलं तर ते जागेवरच ठेवून संस्थेला लगेच कळवायचं. वस्तू उचलली की ती कोणत्या थरातून आली ही माहिती कायमची जाते आणि उरते ती फक्त वस्तू.

घरपत्रक

प्रत्येक घरासाठी दोन पानं ठेवा. वर घरनाव, बोली रूपासह. खाली घरक्रमांकांची साखळी: १७७० नंतरचा, १८२० च्या दशकातला, पुढच्या बदलांनंतरचा, आजचा. मग मोजणीतला भूखंड क्रमांक. नंतर मालकांची ओळ, आणि प्रत्येकापुढे तो कसा आला ते: वारशाने, लग्नाने की खरेदीने. हा रकाना रिकामा ठेवू नका, घराची खरी गोष्ट तिथेच असते. दुसऱ्या पानावर इमारत, कोझोलेत्स, फोटो, ए-शे-डे आणि कोणी काय सांगितलं. प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या वहीच्या कोणत्या पानावरून घेतलं याची खूण त्याच दिवशी करा, महिन्याने ती सापडत नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा पत्रकात असू द्या, छापील प्रतीत नकोत.

पत्रकं पूर्ण झाली की छापण्याआधी प्रत्येक घराला त्याचंच पत्रक दाखवा, शेजाऱ्याचं नाही. चुका निघतात, पेटीतले दोन जुने फोटो बाहेर येतात, आणि बहुधा एखादी आजी सांगते की घरनाव तुम्ही लिहिलंय तसं नाहीच, तिच्या सासूच्या वेळी वेगळंच होतं. ते नाव घेऊन स्तातुस आनिमारुमची वही पुन्हा उघडायची.